आमोसाच्या घराण्यातला ओळंबा

मी ओळंबा बोलतोय. हो, तोच. गवंड्याच्या पिशवीत दोरी गुंडाळून पडलेला पितळेचा टोकदार गोळा. लहान मुलं मला भोवरा समजतात आणि फरशीवर फिरवायला बघतात. मी फिरत नाही. मी लोंबतो, आणि लोंबून खरं सांगतो. आयुष्यभर मी एवढं एकच काम केलं, पण ते असं केलं की भल्याभल्यांच्या पोटात गोळा आला.

आधीच सांगून ठेवतो, मला गोड बोलायची सवय नाही. ज्यांना गोड ऐकायचं असेल त्यांनी टेपकडे जावं. टेप वाकते, सैल सुटते, माणूस बघून माप देते. मला ते जमत नाही आणि जमवून घ्यायची इच्छाही नाही.

माझा जन्म नगरचा. एका ओताऱ्याने मोडीत आलेली तपेली, नळाच्या तोट्या आणि एक फुटकी समई वितळवून मला ओतलं. मग लेथवर चढवून टोक काढलं. माझ्याबरोबर एक लाकडी गुटका दिला, बरोबर माझ्या पोटाइतका रुंद. दोरी त्याच्या मधल्या भोकातून जाते. गुटका भिंतीला वर टेकवायचा आणि मला खाली सोडायचं. भिंत सरळ असेल तर मी तिला नुसता शिवतो. भिंत वरून पुढे झुकली असेल तर मी खाली तिच्यापासून सुटून लोंबतो. मधल्या फटीत किती बोटं जातात ते बघायचं, झालं काम.

मला करून घेतलं ते साळवे मिस्त्रींनी. नगरचे मराठी ख्रिस्ती, हाडाचे गवंडी. हात खडबडीत, आवाज त्याहून खडबडीत. त्यांच्या चर्चमध्ये पिकं घरात आली की उपकारस्तुतीचा सण व्हायचा. लोक पहिलं पीक आणून वेदीपुढच्या टेबलावर ठेवायचे. ज्वारीची कणसं, भोपळे, पाय बांधलेली कोंबडीसुद्धा. उपासना संपली की त्या सगळ्याचा लिलाव. नियम कडक होता. टेबलावर ठेवलेली वस्तू देवाची झाली. ज्याने बोली लावली त्याची ती. आणणाऱ्यालाही फुकट परत मिळणार नाही.

मिस्त्रींना शेत नव्हतं. मग ते मला टेबलावर ठेवायचे. दर वर्षी मला देवाला द्यायचे आणि दर वर्षी बोली लावून परत घ्यायचे. लोक हसायचे. मिस्त्री म्हणायचे, "हसा. माझं पीक हेच आहे."

लिलावानंतर पोरं त्यांच्याभोवती जमायची, कारण मिस्त्री गोष्ट सांगायचे. दर वर्षी एकच, आमोसाची. मला उजव्या हातात धरून लोंबवत सांगायचे, म्हणून माझी ती तोंडपाठ आहे.

आमोस हा इब्री, म्हणजे यहुदी लोकांचा संदेष्टा, देवाचा निरोप सांगणारा, पावणेतीन हजार वर्षांपूर्वीचा. संदेष्टा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे पांढरी दाढी आणि झगा येतो. तसलं काही नव्हतं. तकोवा नावाच्या दगडाळ गावचा मेंढपाळ होता तो. वर उंबराची निगा राखायचा, फळं पिकावीत म्हणून त्यांना चिरा द्यायचा. हाताला चीक लागलेला, अंगाला मेंढ्यांचा वास येणारा माणूस.

शेजारी उत्तरेच्या राज्यात तेव्हा नुसती चंगळ चालली होती. घडीव दगडांचे वाडे उठत होते. हिवाळ्याला एक घर, उन्हाळ्याला दुसरं. बसायला हस्तिदंती पलंग. आणि त्याच वाड्यांच्या दाराशी गरीब माणूस वहाणेच्या जोडाइतक्या किमतीला विकला जात होता. बाजारात मापं खोटी, वजनं खोटी. देवळात मात्र गाणी जोरात. या मेंढपाळाला ते बघवेना. तो चालत बेथेलच्या राजदेवळापुढे गेला आणि सगळ्यांदेखत म्हणाला की तुमच्या गाण्यांनी देवाचे कान किटलेत, आधी न्यायाचं बघा.

मग त्याने आपल्याला काय दिसलं ते सांगितलं. देव एका भिंतीपाशी उभा होता आणि देवाच्या हातात ओळंबा होता.

ऐकलंत ना? तलवार नव्हे, राजदंड नव्हे, तराजूसुद्धा नव्हे. ओळंबा! आमच्या जातीला यापेक्षा मोठा मान कुठे मिळालेला नाही, आणि तो मी मिरवणार. देव म्हणाला, आता हा मी माझ्या लोकांना लावून बघणार आहे. लावला, आणि अख्खं राज्य झुकलेलं निघालं.

राजदेवळाचा पुजारी होता अमस्या. खाल्ल्या मिठाला जागणारा, पण मीठ राजाचं. त्याने आमोसाला बजावलं, निघ इथून. तुझ्या मुलखात जा, तिथे भाकरी कमव, तिथे काय ती वटवट कर. हे राजाचं ठिकाण आहे. आमोस ढळला नाही. मी संदेष्टा नाही, संदेष्ट्याच्या घरातलाही नाही, मेंढरांमागून उचलून मला इथे धाडलंय, असं म्हणून त्याने राहिलेलं सगळं त्या पुजाऱ्याच्या तोंडावर सांगून टाकलं. दोन वर्षांनी तिथे मोठा भूकंप झाला. पुढे काही वर्षांत ते राज्यही गेलं.

इथे मिस्त्री थांबायचे आणि मला गदागदा हलवून विचारायचे, "मग पोरांनो, भिंत कुणामुळे पडली? ओळंब्यामुळे?"

"नाही!" पोरं ओरडायची. त्यात सगळ्यांत मोठा आवाज मिस्त्रींच्या मुलाचा, गुणवंतचा असायचा.

गुणवंत शिकला, सिव्हिल इंजिनियर झाला. मिस्त्री गेले त्याच्या पुढच्याच वर्षी, दोन हजार पाचमध्ये, तो बायको अनुराधा आणि पाच वर्षांच्या इराला घेऊन दुबईला आला. बॅगेत मी होतो. विमानतळावर यंत्राने माझं टोकदार चित्र दाखवलं आणि तिथला माणूस दचकला. गुणवंतने दोरी सोडून मला त्याच्यापुढे लोंबवलं तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "यल्ला, यल्ला, जा."

गुणवंतचं काम दर्जा तपासायचं. काँक्रीट, भिंती, खांब, सगळ्यांवर त्याची सही लागायची. पण मी मात्र ड्रॉवरमध्ये. तिथे सगळं लेझरवर चालायचं. तिवईवर एक डबा ठेवायचा, बटण दाबायचं, भिंतीवर लाल रेघ येते. त्या लाल रेघेपुढे लोक असे मान डोलवायचे की बघवत नसे. तीन वर्षं मी स्टेपलर आणि जुन्या पावत्यांच्या शेजारी काढली. राग यायचा, पण सांगणार कुणाला?

दुबईत तेव्हा रविवार कामाचा, म्हणून मराठी मंडळी उपासनेला शुक्रवारी जमायची, जबल अलीच्या चर्चच्या आवारात. उपकारस्तुतीचा सण तिथेही व्हायचा. वाळवंटात कुणाचं आलंय शेत? बायका हायपरमार्केटमधून भोपळे आणायच्या आणि स्टिकरसकट टेबलावर ठेवायच्या. दोन हजार आठच्या नोव्हेंबरात गुणवंतला काय वाटलं कोण जाणे, त्याने मला बाहेर काढलं, पुसलं आणि भोपळ्यांच्या रांगेत ठेवलं. त्या दिवशी आमोसाची गोष्टही त्यानेच सांगितली.

तिसऱ्या रांगेत त्याचा मित्र बसला होता, सुजीत. पुण्याचा, त्याच कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर, मरीनात एकतिसाव्या मजल्यावर राहणारा. गुणवंतला दुबईत नोकरी त्यानेच लावून दिली होती. धर्माने हिंदू, पण सणाला बोलावलं की हौसेने यायचा आणि जेवायचाही हौसेने. लिलावात माझी पाळी आली. गुणवंत बोली लावायला तोंड उघडतोय तोच सुजीत ओरडला, "हंड्रेड दिऱ्हॅम!"

"म्हणजे तेराशे रुपये? या भोवऱ्याला?" मागून एक बाई म्हणाल्या. सगळे हसले आणि मी सुजीतचा झालो. त्याने लगेच मला गुणवंतच्या हातात कोंबलं. "घे, तुझी वडिलोपार्जित प्रॉपर्टी. या मार्केटमध्ये एवढीच काय ती सेफ आहे."

थट्टाच ती, पण लिलावाचा नियम मला ठाऊक होता. गुणवंतच्या खिशात मी होतो तो सुजीतची वस्तू म्हणून.

मार्केटची थट्टा करायचे दिवस लवकरच संपले. डिसेंबर उजाडला आणि क्रेन जागच्या जागी थांबल्या. दर गुरुवारी दुपारी एचआरची यादी लागायची आणि त्या दिवशी ऑफिसात सगळ्यांची पाचावर धारण बसायची. नोकरी गेली की व्हिसा गेला. व्हिसा गेला की महिन्याभरात देश सोडायचा. आदल्या वर्षी समुद्रात नवी बेटं विकत घ्यायच्या गप्पा मारणारी माणसं आता शाळेची फी परत मिळते का ते विचारत फिरत होती.

कंपनीचा एक कामगार कॅम्प भाड्याचा होता, तो खाली करायचा होता. म्हणून अल क्वोजला गोदामांच्या मागे घाईघाईने एक नवी बराक उठवली. चार मीटर उंच ब्लॉकच्या भिंती, वर पत्रा. तपासणी व्हायच्या आधीच चौसष्ट माणसं तिथे राहायलाही आली. दोन मजली लोखंडी पलंग, भिंतीला लागून. आता कागद पुरा करायला फक्त गुणवंतची सही हवी होती.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी तो तिथे गेला. लेझरने रेघ मारली. भिंत सरळ. पण गुणवंत गवंड्याचा मुलगा. तो मागे सरकला, एक डोळा मिटला, आणि त्याला ते खटकलं. शिवाय ते लेझर डिसेंबरात पिकअपमधून खाली पडलं होतं आणि अजून दुरुस्तीला गेलं नव्हतं, हे त्याला माहीत होतं. त्याने खिशातून मला काढलं. चार वर्षांनी पुन्हा एक भिंत! शिडीवर चढून त्याने गुटका वर टेकवला आणि मला सोडलं.

मी दोनदा झुललो आणि थांबलो. भिंतीपासून चार बोटं लांब.

चार बोटं! भिंत आतल्या बाजूला, पलंगांवर झुकलेली होती. वरच्या पलंगावर झोपणाऱ्याचं डोकं तिच्यापासून वीतभर.

खाली मिस्त्री खैरुद्दीन उभा होता. बंगालमधल्या मालद्याचा, केस पिकलेला. भिंत त्यानेच बांधली होती आणि तो झोपायचाही तिथेच. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. "साब, एक दिन में पाँच रद्दे से ऊपर नहीं चढ़ाते. नीचे का मसाला कच्चा रहता है. हमसे बारह चढ़वाए. मैंने बोला था." रद्दा म्हणजे ब्लॉकचा एक थर, मसाला म्हणजे त्यातलं सिमेंट.

"किसको बोला था?"

"जिसको बोलना था, उसको बोला, साब."

दुसऱ्या दिवशी साइटच्या केबिनमध्ये सुजीतपुढे कागद होता, त्यावर मी होतो, आणि समोर गुणवंत.

"लेझरने ओके दिलंय ना? मग प्रॉब्लेम काय आहे?"

"लेझर पडलंय, सुजीत. कॅलिब्रेशन झालेलं नाही. तुला मेल केला होता."

"वीस हजार दिऱ्हॅमचं मशीन आहे ते. अडीच लाख रुपये! आणि तू मला या भोवऱ्यावर भिंत पाडायला सांगतोयस?"

"भिंत वाकडी आहे म्हणून सांगतोय. चौसष्ट माणसं झोपतात तिथे."

सुजीतने चेहऱ्यावरून हात फिरवला. तोही रात्र रात्र झोपलेला दिसत नव्हता. "गुण्या, ऐक. जुना कॅम्प खाली नाही झाला तर वरचे मला सोडणार नाहीत. तू, मी, अख्खी टीम, खलास. एक सही आहे यार. एप्रिलमध्ये प्लास्टर मारू, लाइन दिसणारसुद्धा नाही."

प्लास्टर! हा शब्द ऐकला की माझ्या अंगाची लाही होते. वाकडं ते वाकडंच, वर लिंपण मारून ते सरळ होतं का?

"मी सही करणार नाही," गुणवंत म्हणाला.

सुजीतचा तोल सुटला. "मग जा ना नगरला! तिथे बांध तुझ्या सरळ भिंती, तिथे खा तुझी भाकरी. हा कंपनीचा प्रोजेक्ट आहे. इथे प्रवचन नको."

तीन महिन्यांपूर्वी तिसऱ्या रांगेत बसून याच माणसाने अमस्याची गोष्ट ऐकली होती, आणि आज बेथेलच्या त्या पुजाऱ्याचं बोलणं तो जसंच्या तसं बोलत होता. त्याला पत्ताही नव्हता. राज्यं बुडतात, वाडे पडतात, पण हे एक वाक्य काही मरत नाही. पावणेतीन हजार वर्षं जो कुणी ओळंबा धरतो, त्याला कुणीतरी ते ऐकवतंच.

"हे फार जुनं बोलणं आहे, सुजीत," गुणवंत एवढंच म्हणाला, आणि मला उचलून बाहेर पडला.

सिलिकॉन ओएसिसमधल्या घरी संध्याकाळी त्याने सगळं सांगितलं. अनुराधा कणीक मळत होती. ती थांबली नाही, उलट जोरात मळायला लागली.

"लोक नोकरी टिकावी म्हणून पाया पडतायत, आणि तू आपणहून तिकीट काढतोयस. इराची परीक्षा मार्चमध्ये आहे. तिथे जाऊन काय करणार आहोत आपण? बोल ना."

इरा नऊ वर्षांची. डायनिंग टेबलवर रंगकाम करत होती. मान वर न करता तिने विचारलं, "बाबा, व्हाय कान्ट यू जस्ट साइन इट? इट्स ओन्ली अ वॉल."

गुणवंतने तिचा खाली पडलेला ब्रश उचलून दिला. मला उत्तर देता आलं असतं, पण मला कोण विचारतं? आणि खरं सांगायचं तर त्या पोरीचा चेहरा बघून मलाही काही सुचलं नसतं. शाळा जाणार होती ती तिची. मैत्रिणी सुटणार होत्या त्या तिच्या. सरळ राहण्याची किंमत सरळ राहणाराच चुकवतो असं थोडंच आहे? घरातली माणसंही चुकवतात, आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

बऱ्याच वेळाने अनुराधा हात धुऊन आली. "मी तुला सही कर म्हणणार नाही," ती म्हणाली. "पण मला हे आवडलंय, असंही समजू नकोस."

गुरुवारी गुणवंतने कागदावर लाल अक्षरात नामंजूर लिहिलं, खाली कारण लिहिलं, आणि त्याच दुपारी यादीत त्याचं नाव लागलं. शनिवारी दुसरा इंजिनियर येऊन सही करणार, हेही त्याला शिपायाकडून कळलं. लाल शेरा फाइलमधून नाहीसा व्हायला कितीसा वेळ लागतो?

म्हणजे सगळं गमावून भिंत होती तिथेच राहणार होती. तिथेच गुणवंतने निमूट बॅगा भरल्या असत्या तर मी ही गोष्ट तुम्हाला सांगितलीच नसती.

शुक्रवारी उपासना झाल्यावर तो टॅक्सी करून थेट अल क्वोजला गेला. सुट्टीची दुपार होती. माणसं कपडे धूत होती, घरी फोन करत होती, डाळीला फोडणी देत होती. गुणवंत बराकीत शिरला, शिडी लावली, भिंतीच्या वरच्या ब्लॉकमध्ये खिळा ठोकला, गुटका पक्का बांधला आणि मला सोडून दिलं. भाषण केलं नाही. खाली उतरून बाजूला उभा राहिला आणि म्हणाला, "देख लो, भाई. बस."

हळूहळू माणसं जमली. त्यातल्या निम्म्यांनी विटा-ब्लॉक वाहण्यात जन्म घालवला होता. मी कोण आहे आणि काय सांगतोय हे त्यांना समजवावं लागलं नाही. लाल रेघेला त्यांनी मान डोलावली असती, पण माझ्यापुढे रांग लागली. एकेक जण यायचा, फटीत बोटं घालायचा, वर आपल्या पलंगाकडे बघायचा.

पहिला हलला तो खैरुद्दीन. त्याने आपली गादी गुंडाळली, पलंगाचा पाय धरला आणि ओढायला लागला. फरशीवर लोखंड करकरलं. दोघांनी पुढे होऊन हात लावला. मग दुसरा पलंग, मग तिसरा. अर्ध्या तासात बत्तीसच्या बत्तीस पलंग भर उन्हात अंगणात रांगेने उभे. घोषणा नाही, आरडाओरड नाही. चौसष्ट माणसं आपापल्या पलंगावर शांत बसून राहिली.

कॅम्प सांभाळणाऱ्या हारुनने घाबरून फोन लावला. "सर, लोग सब पलंग बाहर ले आए. नहीं सर, झगडा नहीं. बैठे हैं."

सुजीत मरीनातून आला तो घरातल्या चड्डीवरच. पलंगांच्या रांगेतून आत येताना कुणी त्याला सलाम केला नाही.

"हा काय तमाशा आहे? गुण्या, काढ ते खाली."

"मी नाही काढू शकत. ते माझं नाही."

"म्हणजे?"

"लिलावात तू घेतलंस. टेबलावरची वस्तू बोली लावणाऱ्याची. आमच्यात हा नियम कुणी मोडत नाही. तुझा ओळंबा आहे, सुजीत. तूच काढ."

सुजीतने मला ओढून काढायला रागाने हात घातला. आणि त्याचा हात फटीत गेला. चारही बोटं, मला किंवा भिंतीला न लागता. तो तसाच थांबला. कसाही असला तरी इंजिनियर होता तो. त्याने बोटं बाहेर काढली, परत घातली. मान मागे टाकून भिंतीच्या माथ्यापर्यंत बघितलं. मग दारातून बाहेरच्या त्या माणसांकडे बघितलं. मला त्याची दया आली नाही. खोटं कशाला बोलू?

"किती दिवस लागतील?" त्याने गुणवंतला विचारलं.

"मला नको, त्याला विचार."

खैरुद्दीन पुढे आला. "चार दिन, साब. रोज़ पाँच रद्दे. छठा कोई नहीं चढ़वाएगा."

"ठीक है," सुजीत म्हणाला. "तोड़ दो."

मला खाली काढून खिशात घातलं ते सुजीतनेच. भिंत शनिवारी पाडली. दोन माणसांनी पहार लावून रेटली तेवढ्यानेच ती आली. त्या आवाजाने हारुन दूर गेटपाशी उभा होता तो खालीच बसला.

गुणवंतची नोकरी काही परत मिळाली नाही. सुजीतने वर शब्द टाकला की नाही, मला माहीत नाही. मार्चमध्ये साळवे कुटुंब नगरला गेलं. मे महिन्यात यादीत सुजीतचंही नाव लागलं. जायच्या आधी तो कॅम्पवर आला आणि मला खैरुद्दीनच्या हातात देऊन म्हणाला, "रख लो. मेरे घर में ये नहीं चाहिए." त्याचं बरोबर होतं. प्रत्येकाच्या घरात मला ठेवायची सोय नसते.

अमस्याने हाकलल्यावर आमोसाचं पुढे काय झालं, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. गावी गेला असेल, मेंढ्या वळल्या असतील, चिकाचे हात घेऊन जगला असेल. गुणवंतचंही मला तुटक तुटक कळायचं, खैरुद्दीनच्या फोनवरून. दोन वर्षं धड काम नव्हतं, मग लहान ठेके मिळाले. इरा गप्प गप्प असते, मराठी शाळेत रमली नाही. ते ऐकलं की खैरुद्दीन मला उगाचच पुसत बसायचा.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये इरा आली. तेवीस वर्षांची, सिलिकॉन ओएसिसमध्येच नोकरी. वडिलांकडून नंबर घेऊन ती अल क्वोजला खैरुद्दीनसमोर येऊन उभी राहिली.

"अंकल, मुझे वो वॉल देखनी है," ती म्हणाली. मग तिचा आवाज चढला. "आय हेटेड दॅट वॉल. एका महिन्यात माझं सगळं गेलं. स्कूल, फ्रेंड्स, एव्हरीथिंग. आणि बाबांनी मला ती कधी दाखवलीसुद्धा नाही."

खैरुद्दीनला मराठी कळत नाही, पण एवढं त्याला कळलं. त्याने मला पिशवीतून काढून तिच्या हातात दिलं आणि बराकीकडे चालू लागला.

सकाळचे अकरा वाजले होते. बराक जवळजवळ रिकामी, सगळे कामावर. इराने मला दोरीने धरलं होतं, घट्ट, भांडायला आल्यासारखं. मीही तयार होतो. म्हटलं, लाव मला. चौदा वर्षं झाली, लाव आणि बघ.

भिंतीजवळ ती थांबली. खालच्या पलंगावर रात्रपाळीचा एक माणूस झोपला होता. विशीतला असेल. तोंड जरा उघडं, पाठ भिंतीला चिकटवलेली, एक तळवा गारव्यासाठी भिंतीवर पसरलेला. एवढा गाढ की आमच्या पावलांनीही हलला नाही.

"उठा दूँ?" खैरुद्दीनने हळूच विचारलं.

इराने मान हलवली. "नहीं, नहीं. लेट हिम स्लीप."

ती किती तरी वेळ तिथे उभी होती. मग तिने माझी दोरी गुटक्याला गुंडाळली आणि आवाज न करता बाहेर आली. मी चिडलो, अर्थातच. ओळंब्याला भिंतीपाशी नेऊन न लावता परत आणायचं, हा काय प्रकार? बाहेर उन्हात येऊन तिने फोन लावला.

"बाबा, मी अल क्वोजला आलेय."

पलीकडून गुणवंतचा आवाज आला, म्हातारा झालेला. "भिंत सरळ आहे का गं?"

"तिथे एक माणूस झोपलाय, बाबा," इरा म्हणाली, आणि रडायला लागली.

माझी चीड तिथेच गेली.

तिने मला घरी नेलं नाही, खैरुद्दीनला परत दिलं, हे बरं केलं. नेलं असतं तर टेबलावर ठेवून लोकांना गोष्ट सांगितली असती, आणि शोभेची वस्तू व्हायची माझी अजिबात तयारी नाही. माझी दोरी तीनदा बदललीय, पोटावर पोचे आलेत, पण टोक शाबूत आहे. खैरुद्दीन यंदा गावी जाणार म्हणतो. गेला तर मला कुणाच्या तरी हातात देऊन जाईल. तो हात तुमचा असला तर एवढंच करा, मला ड्रॉवरमध्ये टाकू नका.

आता निघतो. गोदामापलीकडे नव्या भिंतीचं काम सुरू आहे, आज पाच थर चढायचेत. सहावा चढवा म्हणणारा कुणी साहेब आला, तर त्याला माझ्याकडे पाठवा.